पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा कसा?

निपाणीकर (प्रश्न):
नमस्कार. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती आणि रमी खेळतच मी मोठा झालो. यंदा बेळगावच्या मित्रांनी पैशांऐवजी चिंचोके घेऊन पोकर शिकवले. प्रत्येकाच्या हाती दोन पाने, मध्ये सर्वांसाठी आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक उघडे पान, आणि या सातांतून सर्वांत चांगली पाच निवडायची, एवढे समजले. परंतु माझा सिक्वेन्स (ओळीने क्रमाची पाने) लागला असताना समोरच्याने कलर (सर्व बदाम किंवा सर्व किलवर अशी एकाच प्रकारची पाने) दाखवून डाव नेला; तीन पत्तीत तर सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो. हा नियम खरा आहे का, आणि त्यामागे कारण काय?

खानापूरकर:
नियम खरा आहे. जो हात (पानांचा जुळलेला संच) दुर्मीळ, तो मोठा, हे त्याचे कारण. प्युअर सिक्वेन्स (एकाच प्रकारची क्रमाची पाने) वेगळे धरले, तर तीन पत्तीप्रमाणे ५२ पानांतून तीन पाने घेताना सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो आणि कलर १,०९६ प्रकारे. पाच पाने घेताना मात्र सिक्वेन्स १०,२०० प्रकारे आणि कलर केवळ ५,१०८ प्रकारे लागतो, म्हणून क्रम उलटतो. (तीन पत्तीतही हे तत्त्व सर्वत्र पाळलेले नाही: ट्रेल (तीन सारखी पाने) ५२ प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे, तरी मान ट्रेलचाच.)

‘ब्लाइंड’ या शब्दानेही फसू नये. पोकरमध्ये त्याचा अर्थ पाने न पाहता खेळणे असा नसून, डीलरच्या डावीकडील दोघांनी पाने वाटण्यापूर्वी सक्तीने लावायची रक्कम असा आहे.

टिळकवाडी, बेळगाव:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. परंतु चाल (पैज) कधी द्यावी, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. समजा, आपल्या हाती बदामाचा एक्का आणि नव्वी आहे, आणि मधल्या तीन पानांत दोन बदाम आहेत. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम उरतात, म्हणजे पुढच्याच पानाला कलर लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. समोरच्याची चाल धरून मध्ये ६० चिंचोके असतील आणि आपल्याला १० द्यायचे असतील, तर अवश्य द्यावेत; मध्ये २०च असतील, तर सहसा पॅक व्हावे (डाव सोडावा). शक्यतो आपली पाळी शेवटी असतानाच अधिक हात खेळावेत, कारण तोवर इतरांच्या चाली दिसलेल्या असतात.

निपाणीकर:
आभारी आहे. त्या डावात माझ्यासमोर मध्ये तीन किलवर उघडे होते आणि तरीही मी निर्धास्तपणे चाल वाढवत राहिलो. चूक नेमकी तिथेच झाली, हे आता लक्षात आले.