पायाचं थ्रीडी स्कॅन तसंच्या तसं प्रिंट केलं तर फर्मा म्हणून का चालत नाही?

तिरकी_शिवण
नमस्कार मंडळी. चपला करून झाल्या, पट्टे-पाकिटं झाली, आता बंद बूट करायचं खूळ डोक्यात आहे, लेसवाले, साधे डर्बी. तयार फर्मा (ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर चामडं ताणून बूट करतात तो) आणण्यापेक्षा स्वतःच्याच मापाचा करू म्हणून फोनवरून पायाचं थ्रीडी स्कॅन घेतलं, जरा साफसूफ केलं आणि प्रिंट काढली. हुबेहूब पाय, नखंसुद्धा दिसतायत. पण त्यावर ओलं चामडं ताणून बघितलं तर बूट राहिला बाजूला, मोजा घातल्यासारखं दिसतंय. बोटांच्या मधे चामडं अधांतरी, घोट्याच्या मागे पोकळी, आणि खाली अप्पर, म्हणजे बुटाचं वरचं चामडं, नेमकं कुठे वळवायचं ती कडच सापडत नाही.
बरं, तयार फर्म्यांचे फोटो बघावेत तर ते कुणाच्याच पायासारखे नसतात. टाच बारीक, वरचा भाग चेपलेला, पुढे नाक काढलेलं. मग त्यावर केलेला बूट पायाला बसतो तरी कसा? आणि स्कॅनवरूनच फर्मा करायचा म्हटला तर भर कुठे घालायची, छाटायचं कुठे? उभं राहून घेतलेली पावलाची लांबी २६६ मिमी आहे, टाच २५ मिमी ठेवायचीय.

चामडंचिकट
मी पॅटर्न कापतो, रोजचं काम तेच आहे, त्यामुळे जरा लांबण लावणार, कंटाळलात तर सोडून द्या.
उभं राहून स्कॅन घेतलंत ना, तिथूनच धरू. उभं राहिलं की टाचेखालचं मांस बाजूला पसरतं आणि स्कॅनमधे टाच खाली फुगीर येते, आता तेवढीच रुंद टाच फर्म्याला दिलीत तर बुटात पाय घातल्यावर टाच धरून ठेवणारं काहीच उरत नाही, प्रत्येक पावलाला मागून फटक फटक. म्हणून फर्म्याची टाच मुद्दाम बारीक असते, मागचा काउंटर, म्हणजे टाचेमागे आत घातलेला कडक तुकडा, त्या मांसाला आत दाबून धरतो. तसंच मागून बघितलंत तर फर्म्याची पाठ टाचेच्या फुगवट्यानंतर वर जाताना आत येते, बुटाचा वरचा काठ त्यामुळेच पायाला चिकटून राहतो. पायाचा घोटा फर्म्यावर नसतोच. त्या जागी दोन्ही बाजूंनी चेपत चेपत वर नेलेला शंकूसारखा भाग असतो कारण बुटाचं तोंड जरा आवळलेलंच हवं, पाय गेला की ते उघडतं.
आता तळ. कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली की एक रेघ मिळते, आणि तळव्याला शाई लावून ठसा घेतला की दुसरी, बरीच आतली. फर्म्याचा तळ या दोघींच्या मधे कुठेतरी असतो. म्हणजे पायाचं मांस इनसोलच्या (बुटाच्या आतल्या तळाच्या) कडेबाहेर थोडं लोंबतं आणि त्याला अप्पर सांभाळतं. पेन्सिलच्या रेघेइतका तळ ठेवलात तर बूट होडीसारखा दिसेल आणि पाय आत डावीउजवीकडे सरकत राहील.
जी कड सापडत नाही म्हणताय तिला आम्ही फेदर एज म्हणतो. पाय खाली सगळीकडून गोल असतो, फर्म्याला मात्र चवड्यापासून टोकापर्यंत स्पष्ट धार लागते, अप्पर तिथेच वळून इनसोलवर चिकटतं. स्ट्रोबेल पद्धतीने खाली कापड शिवून घेणारे स्पोर्ट्स शूज असतील तर ही धार गोलसर चालते, तुमच्या डर्बीला नाही चालणार.
राहिली पोकळी. ओढलेलं चामडं खड्ड्यात उतरत नाही, दोन उंचवट्यांच्या मधे सरळ पूल बांधतं. म्हणून बोटांमधल्या फटी, शिरा, नखं, घोट्यामागचा खळगा सगळं बुजवून गुळगुळीत करायचं. आतल्या बाजूला कमानीखाली तेवढा हलका खोलगट भाग ठेवतात, पण तिथे चामडं बसवताना पक्कडीने ओढून हातोडीने ठोकून बसवावं लागतं, आपोआप नाही बसत.

मिलिमीटर
वरच्याशी सहमत, पण स्कॅन फेकून देऊ नका. आकारासाठी नाही पण मापांसाठी ते सोनं आहे.
लांबीचं गणित. २६६ ला अंगठ्यापुढे १४ मिमी मोकळीक दिली की २८० होतात. पॅरिस पॉइंट म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, म्हणजे ६.६७ मिमी, त्याने भागलं की बरोब्बर ४२ नंबर. इंग्लिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४६ मिमी, तिथे तुम्ही ८ च्या आसपास पडता. लक्षात घ्या की हे दोन्ही नंबर फर्म्याच्या लांबीवरून आहेत, पावलाच्या नाही. थेट पावलाची मिलिमीटरमधली लांबी सांगणारी पद्धत म्हणजे मोंडोपॉइंट, त्यात तुम्ही २६५ वाले. लोक इथेच गोंधळतात, एका तक्त्यात पाय असतो, दुसऱ्यात फर्मा, आणि शिव्या मात्र दुकानदाराला.
लांबीपेक्षा घेर महत्त्वाचे. स्कॅनवर तीन घेर काढा. चवड्याचा, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जी हाडं बाहेर येतात त्यांच्यावरून तिरका. मग त्याच्या मागे सगळ्यात बारीक भागाचा, वेस्ट. मग पायाच्या पाठीवरचा, इन्स्टेप. चवड्याचा टेप काटकोनात धरू नका. अंगठ्याचा सांधा टाचेपासून साधारण ७३ टक्क्यांवर असतो, करंगळीचा ६३-६४ टक्क्यांवर, त्यामुळे बूट वाकतो ती रेघसुद्धा तिरकीच असते. फर्म्याचा सगळ्यात रुंद भाग जर १० मिमी पुढेमागे झाला ना, तर लांबी रुंदी सगळं बरोबर असूनही बूट चावतो, आणि मग आपण उगाच नंबर वाढवत बसतो.
चवड्याचा घेर चामडी बुटाला पायाइतका किंवा किंचित कमी. इन्स्टेपचा नक्की कमी, नाहीतर लेस आवळायला वावच राहत नाही, लेसच्या भोकांची दोन्ही पाखं एकमेकांना भिडतात. आणि मापं संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पाय मोजा, सारखे नसतातच.

कानसवाला
एवढं कशाला. कोऱ्या स्क्रीनवर फर्मा काढायला बसू नका, चांगल्या फर्मा काढणाऱ्यांना पण एक मॉडेल पक्कं करायला किती वेळा घासावं लागतं ते बघितलंय. ४२ नंबरचा २५ टाचेचा तयार फर्मा घ्या. त्याचे तीन घेर मोजा, आपले मोजा. जिथे कमी पडतो तिथे चामड्याचे तुकडे चिकटवा, कडा कानशीने शून्यावर आणा, हात फिरवला की जोड लागता कामा नये. अंगठ्याच्या हाडाला गाठ असेल तर नेमकी तेवढ्याच जागी टिकली. पाठीवर कमी असेल तर वरून एक पट्टी. झाला तुमचा फर्मा. मापाने बूट करणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतायत.
आणि टाचेकडे भर घालू नका कितीही मोह झाला तरी.

अर्धा_नंबर
मला एक कळत नाही, सगळे फर्म्याची तारीफ करताय पण दुकानातले निम्मे बूट बोटं चेपतात ते या फर्म्यांमुळेच ना? पायाचं सगळ्यात लांब टोक अंगठ्याकडे असतं आणि बुटाचं टोक मधोमध. हे "पायासारखं नसलं तरी चालतं" म्हणणं म्हणजे सोयीचं बोलणं झालं. तिरकी_शिवण यांच्या स्कॅनमधला पुढचा भाग तरी तसाच ठेवावा असं माझं मत.

चामडंचिकट
@अर्धा_नंबर मुद्दा बरोबर आहे, पण दोष टोकाचा नाही, टोक कुठून सुरू होतं त्याचा आहे. निमुळतं नाक हवं तर ते बोटं संपल्यावर सुरू व्हायला हवं, म्हणजे १४ च्या ऐवजी २०-२५ मिमी पुढे घ्या. स्टाइलवाल्यांना लांब बूट नको असतो, मग तेच नाक मागे बोटांवर ओढतात आणि करंगळी मरते. फर्मा वरून बघा, मधली रेघ मारा. अंगठ्याची बाजू जेवढी सरळ पुढे जाईल तेवढं बरं, करंगळीच्या बाजूने वळवा. तिसरी गोष्ट कुणी बघतच नाही ती म्हणजे उंची. वरून रुंद दिसणारा फर्मा अंगठ्यावर बसका असेल तर नख काळं होतंच.
डावाउजवा फरक ही तशी उशिराची गोष्ट आहे बरं का. एकोणिसाव्या शतकात शिरेपर्यंत युरोप-अमेरिकेत सर्रास सरळ फर्मे असायचे, दोन्ही पायांना एकच, बूट वापरून वापरून पायाचा व्हायचा. १८१९ मधे थॉमस ब्लँचर्डने बंदुकीचे लाकडी दस्ते कातायला नक्कल करणारं लेथ बनवलं, पुढे त्याच तत्त्वावर फर्मे कातायला लागले आणि डावेउजवे जोड ढिगाने करणं परवडायला लागलं. आजही मधल्या नंबरचा एक मॉडेल पक्का करतात आणि बाकीचे नंबर त्यावरून. लांबी एका पॅरिस पॉइंटने वाढली की चवड्याचा घेर साधारण ५ मिमीने वाढवतात, म्हणजे नुसतं सगळीकडून टक्क्याने फुगवत नाहीत. तुम्ही कधी दुसऱ्यासाठी स्केल कराल तेव्हा हे डोक्यात ठेवा.

तिरकी_शिवण
अरे बापरे, खूपच मिळालं, सगळ्यांचे आभार. कानसवाला यांचा मार्ग शहाणपणाचा वाटतोय पण मला प्रिंटचा किडा गप्प बसू देणार नाही, त्यामुळे तयार फर्मा स्कॅन करून त्यावर माझे घेर बसवीन म्हणतो.
दोन शंका. एकदा फर्मा झाला की पुढे त्याच्यावरच ४० मिमी टाचेचा बूट करता येईल का, टाच नुसती उंच लावायची? आणि बूट तयार झाल्यावर हा ठोकळा आतून काढायचा कसा, तोंड तर बारीक ठेवायचं म्हणताय.

मिलिमीटर
टाच नाही बदलता येणार. दोन-तीन मिमी इकडेतिकडे चालतं, १५ नाही. घरी करून बघा. २५ वाला फर्मा टेबलावर ठेवा, टाचेखाली २५ मिमीचा ठोकळा सरकवा. चवडा टेबलाला टेकतो, टाचेची बैठक ठोकळ्यावर सपाट बसते आणि पुढचं टोक वर उचललेलं राहतं, साधारण १० मिमीच्या आसपास. ही उचल म्हणजे टो स्प्रिंग. आता तिथे ४० चा ठोकळा घाला. टाच पुढे कलंडते, टोक खाली येऊन जवळजवळ टेबलाला लागतं. असा बूट घातला की पाय सतत पुढे घसरणार आणि चालताना टोक ठेचकाळणार. टाच वाढली की पायाच्या कमानीचा आकार, वजन कुठे पडतं, सगळंच बदलतं, म्हणून तळाचा वाकच नव्याने काढावा लागतो.
टो स्प्रिंग सोलप्रमाणे ठरवा. अनवाणी पाय बोटांपाशी वाकतो, जाड कडक सोल तेवढा वाकत नाही, म्हणून वाकण्याचा थोडा भाग फर्म्यातच आधी देऊन ठेवायचा. पातळ मऊ सोलला कमी, जाड सोलला जास्त. फार कमी ठेवलात तर वरच्या चामड्याला चवड्यावर खोल चुण्या पडतात.

कानसवाला
काढण्याचं मी सांगतो. कारखान्यातल्या प्लास्टिक फर्म्याला मधे इंग्रजी व्ही सारखा काप आणि आत स्प्रिंगचा सांधा असतो. वरच्या भोकात खुंटी घालून मोडला की लांबी कमी होते, आधी टाच सुटते, मग पुढचा भाग निघतो. तो सांधा घरी प्रिंट करून जमवायच्या फंदात पडू नका. जुनी पद्धत बरी, पाठीवरचा वरचा पाचरीसारखा तुकडा वेगळा करायचा आणि स्क्रूने बसवायचा. काढताना आधी पाचर काढली की वर जागा होते, मग उरलेला फर्मा टाचेच्या भोकात आकडा अडकवून ओढायचा. भोक प्रिंटमधेच ठेवा आणि त्यात धातूची नळी बसवा, नुसतं प्लास्टिक फाटतं. फर्म्याला आधी टाल्कम पावडर चोळा.

मिलिमीटर
प्रिंटचं एक राहिलं. पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) वापरणार असाल तर ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. सोल चिकटवताना हीट गन मारलीत किंवा टो पफ (नाकाला आतून कडक करणारा तुकडा) गरम करून बसवलात की नाकाचा आकार बदलेल आणि कळणारही नाही. पीईटीजी जरा बरं, ते ८० पर्यंत टिकतं. बाहेरच्या भिंती पाच-सहा थरांच्या ठेवा, तळाला त्याहून जाड. कारखान्यातला पॉलिथिनचा फर्मा शेकडो खिळे खातो, प्रिंट केलेल्यात दुसऱ्यांदा त्याच जागी खिळा मारला की थर सुटतात. जमलं तर तळाला इनसोलइतकी चामड्याची किंवा कॉर्कची पट्टी चिकटवा आणि तात्पुरते खिळे तिच्यात धरतील एवढेच मारा. जाडी मात्र फर्म्यातून आधी वजा करा हं.

चामडंचिकट
पॅटर्नला सुरुवात करण्याआधी पूर्ण फर्म्यावर मास्किंग टेप लावा, पुढच्या आणि मागच्या मधल्या रेघेवर कापा, सोलून कागदावर सपाट चिकटवा. आतली आणि बाहेरची बाजू वेगळी निघते, घाबरू नका, तसंच असतं. दोन्ही एकावर एक ठेवून मधली रेघ धरली की तो तुमचा मूळ आराखडा, खाली वळवायला १५ ते २० मिमी जादा सोडा. आणि बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली असतो, तेव्हा वरचा काठ बाहेरच्या बाजूने थोडा उतरता कापा, नाहीतर हाडाला घासेल.
टेप सपाट करताना कुठे खूप चुण्या पडल्या किंवा फाटली तर त्या जागेचा फोटो टाका इथे, तिथे फर्म्याचा वाक जास्त झालाय, प्रिंट परत काढण्याआधी कानशीनेच मारून बघू.

तिरकी_शिवण
टाकतो. तयार ४२ चा एक जोड मिळालाय, चवड्याचा घेर माझ्यापेक्षा ६ मिमी कमी आहे आणि इन्स्टेप जवळपास माझ्याइतकाच. म्हणजे चवड्याला भर आणि पाठीवर छाटणी, बरोबर ना?

कानसवाला
चवड्याला भर हो, पण ६ नको, ४ घाला, दोन चामडं सोडेल. आणि सगळीकडून नाही, बाहेरच्या बाजूने जास्त. पाठ आत्ता छाटू नका. कापलेलं परत येत नाही, आधी एक रद्दी चामड्याचा बूट चढवून लेस बांधून बघा.