नागपूरजवळ गाड्या नसलेले कच्चे रस्ते कुठे आहेत? तळी, जंगल, शेतशिवार काहीही चालेल

डाभ्याची_सायकल

नमस्कार मंडळी. मी डाभ्याला राहते, शाळेत शिकवते आणि रविवारी सकाळी सायकल चालवते. साधी हायब्रीड आहे, ७०० बाय ३५ चे टायर, डिस्क ब्रेक. आतापर्यंत अमरावती रोडने वाडीच्या पुढे जायचे. आता तिकडे जायची इच्छाच होत नाही. ट्रान्सपोर्टचे ट्रक पहाटेपासून सुरू असतात. मागच्या महिन्यात एक कंटेनर इतका खेटून गेला की मी डांबरावरून खाली मुरमात उतरले. पडले नाही, आणि घाबरलेली असूनही एक गोष्ट लक्षात आली, की त्या मुरमावर सायकल मस्त चालत होती.

स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे सायकलरस्ते करताहेत. गाडी नाही, हॉर्न नाही, तळ्याकाठून नि रानातून मैलोन् मैल बारीक खडीचा रस्ता. आपली इतवारी-नागभीड छोटी लाइन बंद झाली तेव्हा मनात आलं होतं, पण तिथे ब्रॉडगेज होतंय आणि त्या गावांना गाडी हवीच. मग आपण जायचं कुठे? चाळीस-पन्नास किलोमीटर, दुपारी जेवायला घरी. सोबत एक मैत्रीण असते. जंगलात परवानगी लागते का तेही सांगा.

पांदणवाला

ताई, तुम्हाला हवा तो रस्ता नव्याने बांधायला नको, तो गावनकाशावर आधीपासून आहे. मी भूकरमापक होतो. नागपूर ग्रामीण, कळमेश्वर, हिंगणा हे तालुके साखळी ओढत पायी पाहिलेत, म्हणून खात्रीने सांगतो.

गावनकाशाची नक्कल भूमी अभिलेखच्या कार्यालयात मिळते. त्यात अखंड दुहेरी रेषा असते तो ग्रामीण रस्ता, त्यातले बरेच आता डांबरी झालेत. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. तुटक एकेरी म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. तुम्ही तुटक दुहेरी शोधा. हीच आपली पांदण. एका गावाची पांदण शिवेवर दुसऱ्या गावाच्या पांदणीला मिळते, आणि अशा चार-पाच गावांच्या जोडल्या की डांबराला फक्त आडवं ओलांडायचं काम उरतं. मातोश्री योजनेतून बऱ्याच पांदणींवर मुरूम पडलाय, रोलर फिरलाय. उपग्रहाच्या चित्रात त्या तांबूस पट्ट्यासारख्या दिसतात. नकाशा आणि चित्र दोन्ही जुळलं तरच निघा, कारण काही पांदणी नकाशावर आहेत पण जागेवर कुणीतरी नांगरून टाकल्यात.

आता मातीचं ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. दख्खनच्या काळ्या कातळाचा पूर्वेकडचा काठ नागपुरापाशी येतो. शहराच्या पश्चिमेला हिंगणा, कळमेश्वर, काटोल ही सगळी त्या कातळाची जमीन. रस्ता चढाला लागला की चाकाखाली मुरूम, उतरून नाल्याकडे आला की काळी माती. हा क्रम दिवसभर चालतो आणि सायकलवाल्याला त्याचीच गोडी लागते. पूर्वेकडे मौदा-रामटेकला खडक बदलतो, धानाच्या बांध्या सुरू होतात, चढउतार कमी होतो.

पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत काळ्या मातीत सायकल घालायची नाही. वरून सुकल्यासारखी दिसते, पण चाक दोन फेऱ्यांत भरतं. माती फोर्कमध्ये ठासून बसते, सायकल ढकलताही येत नाही, उचलून न्यावी लागते. शिवाय ओल्या पांदणीत तुमच्या चाकाने पडलेली चाकोरी वाळून दगड होते आणि मग शेतकऱ्याची बंडी महिनाभर तीत धडपडते. जुन्या पांदणी शेतापेक्षा खोल गेलेल्या आहेत, पावसाळ्यात तो सरळ नाला असतो. म्हणून दिवाळीनंतर ते होळीपर्यंत हा आपला हंगाम.

सुरुवात फेटरी-माहुरझरीकडून करा, डाभ्याहून जवळ पडेल. काटोल रोडवरच जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, महापाषाण काळातली, सुमारे तीनशे. मोठमोठे काळे दगड गोलात मांडलेले, मधे भराव. इतक्या जुन्या दफनभूमीच्या शेजारून आपण रोज गाड्या पळवतो आणि कुणी थांबत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. थांबा, बघा. पण सायकल बाहेर ठेवून पायी फिरा. ती संरक्षित जागा आहे, वर्तुळावरून चाक जाता कामा नये. पुढचं माहुरझरी एकेकाळी अकीक आणि कार्नेलियनचे मणी घडवणारं गाव. तिथून कळमेश्वरच्या बाजूला संत्र्याच्या बागा लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुलतो तेव्हा दोन्हीकडच्या बागांमधून जाताना वास आधी येतो, बाग नंतर दिसते.

तळं हवं असेल तर हिंगण्याकडे मोहगाव झिलपी. एमआयडीसीचा तुकडा रविवारी भल्या सकाळी पार करा, पुढे निवांत आहे.

पेंचच्या नहराचा सर्व्हिस रोडही आहे. एकदम सपाट, लांबच लांब, एका बाजूला सतत पाणी. तो पाटबंधारे खात्याचा, म्हणून चौकीदाराला विचारून जा, नाही म्हणाला तर परत फिरा. आणि बाटली भरायला नहराच्या उतारावर कधीच उतरू नका. अस्तरीकरणाच्या सिमेंटवर शेवाळ असतं, पाय घसरला की धरायला काही नाही.

जंगलाचं साधं आहे. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथे परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि आडवाटेने शिरायचा विचारही नको. वाघ मात्र हद्द पाळत नाही. जंगलकडेच्या पांदणीत ऊन चांगलं वर आल्यावरच जा. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो, तेव्हा चारच्या आत तो भाग सोडा. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटे अस्वलंही झाडाखाली असतात आणि वेचणारी माणसंही. त्या दिवसांत आपण तिकडे गर्दी करू नये.

गोखरू_नको

पांदणवाला काकांनी चाकाचं सांगितलं नाही म्हणून लिहितो. मी सायकली दुरुस्त करतो. आपल्याकडे पंक्चर दोनच गोष्टींनी होतं, गोखरू आणि बाभळीचा काटा. कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात, त्यातल्या पांदणीत पडतात. ताई, तुमच्या फ्रेममध्ये जागा असेल तर ४० चे टायर बसवा आणि हवा चाळीस पीएसआयच्या आसपास ठेवा. डांबरावर भरता तेवढी भरली तर मुरमावर सायकल उड्या मारते, हात दुखतात. ट्यूबलेस करून आत सीलंट टाकलं तर गोखरूची चिंता जवळपास संपते. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी बघायचं. ट्यूबच ठेवणार असाल तर दोन जास्तीच्या घ्या. काटा मात्र टायरमधून आधी काढा, बोट आतून फिरवून पाहा. नाहीतर नवी ट्यूबही तिथेच बसेल.

कळमेश्वरचा_बागायतदार

ताई, या जी आमच्या इकडे. आमच्या वावरातूनच पांदण जाते. दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. कुंपणाच्या तारेला हात लावू नका, सायकलही टेकवू नका. डुकरांसाठी झटका मशीन असते, आणि काही जण थेट करंट सोडतात. ते बेकायदा आहे, माणसं मेली आहेत, तरी सोडतात. बंडी समोरून आली तर सायकल बाजूला घेऊन उतरा, घंटी वाजवू नका, बैल बुजतात. कुत्रं मागे लागलं तर पळवू नका, उतरून सायकल मधे धरून चाला, ते आपल्या वावराच्या हद्दीपर्यंतच येतं. फाटक उघडलं तर लावून घ्या.

संत्रं पाहिजे असेल तर मागा. कुणी नाही म्हणणार नाही. पण झाडावरून स्वतः तोडलं की देठाशी साल फाटते आणि फांदीलाही इजा होते, म्हणून आम्ही कात्रीने काढतो.

डाभ्याची_सायकल

सगळ्यांचे मनापासून आभार. गावनकाशाची नक्कल याच आठवड्यात काढते. दोन शंका आहेत. वाटेत पाणी कुठे मिळेल? आणि पक्षी बघायला कुठलं तळं चांगलं? मैत्रिणीला त्याचीच आवड आहे.

पांदणवाला

पाणी गावातच घ्या, हापशी किंवा ग्रामपंचायतीची टाकी. शेतातल्या टाक्यांचं पिऊ नका, त्यात कधीकधी फवारणीचं औषध कालवलेलं असतं. दोन बाटल्या घेऊन निघा, दर गावात भरा.

पक्ष्यांसाठी उमरेड रोडचा पारडगाव तलाव. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब हंस उतरतात, हिमालय ओलांडून आलेले, डोक्यावर दोन काळे पट्टे. पण उमरेड रोडने सायकल नेऊ नका, कोळशाचे ट्रक असतात. सायकली गाडीत टाका, डांबर सोडल्यावर उतरवा. हंस पाळीवर उतरून खात असतील तर लांबच थांबा. सगळे एकदम मान वर करून पाहू लागले म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथून मागे या.

नक्कल हातात आली की फेटरीच्या बाजूची तुटक दुहेरी रेषा कुठे तुटते ते इथे लिहा. जागेवर काय आहे ते मी सांगतो.