अंगणवाडीत प्ले-डो: पीठ टिकत नाही आणि मुलं गोळ्यांपुढे जात नाहीत, काय करावं?

अंगणवाडी ताई
३ ते ५ वयाची २५ मुलं आहेत. मैदा, मीठ आणि गार पाणी घेऊन मळलेला प्ले-डो पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी चिकट होतो आणि पुढे आंबूस वास येतो. मुलं गोळा आणि साप करतात, मग कंटाळतात. टिकेल अशी कृती प्रमाणासह हवी आहे. बोटांची तयारी आणि अक्षरओळख यासाठी याचा नेमका उपयोग कसा करायचा? पालक सारखं विचारतात, पाटीवर लिहायला कधी शिकवणार.

साधनपेटी
ताई, पीठ शिजवा. गार पाण्यातल्या मैद्यातला स्टार्च कच्चाच राहतो, म्हणून पाणी सुटून गोळा चिकट होतो. शिजवला की स्टार्च पाणी धरून ठेवतो.

२५ मुलांना प्रत्येकी लिंबाएवढा गोळा पुरतो, त्यासाठी अर्धा किलो मैदा घ्या. मीठ मापाने मैद्याच्या निम्मं. मीठ जड असल्यामुळे वजनात ते मैद्याइतकं किंवा थोडं जास्तच भरतं, तेव्हा तागडीवर जाऊ नका, वाटीनेच मोजा. पाणी मैद्याच्या मापाइतकंच, म्हणजे साधारण एक लिटर. तेल चार मोठे चमचे. तीन-चार लिंबांचा रस किंवा एक सपाट चहाचा चमचा लिंबूफूल. आम्लामुळे गोळा लवचीक राहतो.

मीठ बारीकच घ्या आणि आधी कोमट पाण्यात जेवढं विरघळेल तेवढं विरघळवा. एवढ्या पाण्यात सगळं मीठ विरघळणार नाही, म्हणूनच ते बारीक हवं. जाड खडे मुलांच्या हाताला टोचतात, आणि कुठे खरचटलं असेल तर झोंबतात. गार झालेल्या पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवा, तेल आणि लिंबू घाला, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळा. मिश्रण कडा सोडून एका गोळ्यात आलं आणि वरची ओली चमक गेली की उतरवा. चमक असताना उतरवलं तर चिकटणार, फार वेळ ठेवलं तर फुटणार. कोमट असताना पाच मिनिटं नीट मळा, ही पायरी गाळू नका.

पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. गरम गोळ्याची वाफ झाकणाला लागून पाणी खाली पडतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर उत्तम शिजवलेला गोळाही पाझरतो. अशा वेळी चमचाभर मैदा घालून पुन्हा मळा. वास आला किंवा ठिपके दिसले तर सगळा टाकून द्या, आणि गाईगुरांना किंवा कुत्र्याला मुळीच घालू नका. एवढं मीठ त्यांना घातक असतं.

अंगणवाडी ताई
मैद्याऐवजी कणीक चालेल का? आणि तीन वर्षांची मुलं तोंडात घालतात त्याचं काय?

साधनपेटी
कणीक चालते, पण कोंड्यामुळे गोळा खरबरीत होतो आणि लवकर खराब होतो. दोन-तीन दिवसांपुरतीच करा. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसल्याने ते तुटतं, तरी गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तेच करावं लागेल. चाटल्याने काही होत नाही, खारट लागलं की बहुतेक मुलं स्वतःच थांबतात. पण गोळा गिळणाऱ्या मुलाला हे पीठ देऊच नका, कारण जास्त मीठ त्यालाही धोक्याचं आहे. त्याला बिनमिठाची ताजी कणीक द्या आणि खेळ संपल्यावर ती टाकून द्या. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत प्रत्येकाचा गोळा वेगळा ठेवा.

हात आणि बोटं
मुलं सापावर थांबतात कारण साप तळहाताने होतो, बोटांना काम लागतच नाही. आपल्या वळवटात बोटांची सगळी कामं आधीच आहेत. गव्हले वळताना अंगठा आणि तर्जनीचं टोक एकमेकांना भेटतं. मोदकाच्या कळ्या काढताना मधलं बोटही येतं, म्हणजे पेन्सिल धरणारी तिन्ही बोटं झाली. करंजीची मुरड अवघड आहे, ती पाचव्या वर्षाच्या आसपास.

तीन वर्षांच्या मुलांना आधी मऊ पीठ द्या: थापणं, बोटाने भोकं पाडणं, तुकडे तोडणं. चौथ्या वर्षी गव्हले, आणि बोथट कात्रीने बोटाएवढी वळी कापणं. कागद हलतो, वळी जागेवर राहते, म्हणून कात्रीची सुरुवात इथूनच सोपी. अंगठा वर आहे ना, तेवढं बघा. मोठ्यांचं पीठ थोडं घट्ट ठेवा.

थापताना मूल पाटासमोर गुडघ्यांवर असू द्या, खांद्याचा जोर पिठावर उतरतो. बारीक कामाला मांडी घालून बसू द्या. खांदे वर चढले, मनगट आत वळलं किंवा दुसरा हात मांडीवर पडला की मूल दमलंय. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. राजमा किंवा मणी पिठात लपवून शोधण्याचा खेळ छान आहे, पण तीन वर्षांखालच्या किंवा वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांसोबत नको.

बालवर्ग
अक्षरांसाठी ग, म, भ, न हाच क्रम घ्या, काना आणि वळणं सारखी आहेत. वीतभर कार्डावर अक्षर काढून त्यावर प्लास्टिक चढवा आणि मुलांना वळ्या त्यावर बसवू द्या. इथे एक फसगत होते: मूल काना आधी ठेवतं, मग डावीकडचा भाग, आणि आकार मात्र बरोबर दिसतो. म्हणून वळी बसवून झाल्यावर तर्जनीने लिहिण्याच्या क्रमाने गिरवून घ्याच. डावा भाग, मग काना, वरची रेघ शेवटी.

पालकांना मुलांचे गव्हले आणि कळ्या दाखवा आणि कुठलं बोट काय करतंय ते सांगा. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही खेळातून शिकण्यावरच भर आहे. आणि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या वस्तूंमधूनच साधनं उभी केली होती, त्यामुळे तुमच्याकडे साचे नाहीत म्हणून काही अडत नाही. पोळपाट, कातण, वाटीची कड, चमच्याची दांडी एवढं पुरतं.

गणितासाठी पाचापर्यंत गोळे मोजणं, लांब-आखूड वळ्या लावणं ठीक. एकच गोळा चपटा केला की "आता पीठ जास्त झालं" असं मूल म्हणेल. तेव्हा दुरुस्त करू नका. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पिआजेने मातीच्या गोळ्यांवर हेच पाहिलं होतं, आकार बदलला तरी पीठ तेवढंच राहतं ही समज साधारण सहा-सात वर्षांनंतर येते. फक्त "परत गोळा करून बघूया का?" एवढं विचारा आणि करू द्या.