मदत हवी आहे : चुनखडीच्या रानात ह्युमिक कसं द्यावं?

राम राम मंडळी. सांगोल्याकडं दोन एकर भगवा डाळिंब आहे, झाडं चार वर्षांची. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.3, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, मुक्त चुना 12 टक्के निघाला. नवी पालवी पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता दिसतेय.

दुकानदारानं ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं काळं आम्ल, जमीन सुधारायला देतात ते) सुचवलं. पोटॅशियम ह्युमेटची पावडर, एकरी एक किलो ठिबकमधून. मी शहाणपणा केला आणि त्याच टाकीत फॉस्फरिक ॲसिडही ओतलं. अर्ध्या तासात तळाशी काळा चोथा! ह्युमिक अल्कलीत विरघळतं आणि आम्लात फुटतं, हे नंतर कळलं. निम्मे ड्रीपर बंद पडले. लॅटरलची (ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं सोडून पाणी मारलं, तरी काही मोकळे होईनात. ठिबकमधले क्षार काढायला नेहमी करतो ती ॲसिड ट्रीटमेंट करायचीही भीती वाटते, आत ह्युमिक उरलं असेल तर आणखी चोथा व्हायचा.

तर विचारायचं असं की ड्रीपर कशानं साफ करू? ॲसिड आणि ह्युमिकमध्ये किती दिवसांचं अंतर ठेवता? कॅल्शियम नायट्रेटसोबतही ते फाटतं म्हणतात, तुमचा अनुभव काय? आणि इतक्या चुन्यात फेरस सल्फेट टिकत नाही, मग ह्युमिकसोबत ईडीडीएचए चिलेटचं लोह (चुन्यातही झाडाला मिळत राहील असं बांधलेलं) कुणी दिलंय का?

गोवऱ्या भिजवून घरी ह्युमिक करायचे व्हिडिओ पाहिले. मला तरी ते शेणाचं काळं पाणीच वाटतं. शेणखत झाडामागं 20 किलो टाकतोच. ज्यांनी एक ओळ ह्युमिक देऊन आणि एक न देता फरक पाहिलाय, त्यांनी जरूर सांगा.