विषय: विकिपीडियावर मंडळाचा लेख – स्मरणिकेतला मजकूर टाकावा का?

माधुरी (स्मरणिका समिती):

मंडळी, नमस्कार.

वर्धापनदिनाआधी इंग्रजी विकिपीडियावर मंडळाचा लेख व्हावा, अशी समितीची इच्छा आहे. स्मरणिकेतला 'वाटचाल' हा लेख तयारच आहे, तो आपल्या संकेतस्थळावरही आहे. मंडळाच्या नावानं खातं उघडून तोच टाकला तर टिकेल का? कुणी वगळायला काढलाच, तर या ईमेल-यादीवरच्या सगळ्यांनी जाऊन 'ठेवा' लिहिलं तर चालेल ना?

श्रीकांत:

माधुरीताई, कृपया तसा टाकू नका. काही तासांतही उडू शकतो, आणि रीतसर उडेल.

तिथे लेख वगळला जायच्या मुख्य वाटा तीन. पहिली झटपट वगळण्याची. यात चर्चा होत नाही. कुणीही संपादक साचा (वगळण्याची तयार सूचना) लावतो, प्रचालक (वगळण्याचे अधिकार असलेला संपादक) तपासून लेख काढतो. संस्थांच्या लेखांना नेहमी लागणारी कलमं म्हणजे ए७ (संस्थेचं महत्त्व काय, हे लेखात कुठेच दिसत नाही), जी११ (निव्वळ प्रसिद्धी) आणि जी१२ (प्रताधिकारभंग, म्हणजे कॉपीराइटचा भंग). 'वाटचाल' पहिल्यांदा जी१२ मध्ये सापडेल, कारण संकेतस्थळाच्या तळाशी 'सर्व हक्क राखीव' लिहिलेलं आहे. मजकूर आपलाच आहे, हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. ज्यांच्याकडे प्रताधिकार आहे त्यांनी सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली (श्रेय देऊन, त्याच अटींवर कुणालाही वापरू देणारा परवाना) मजकूर खुला केल्याची ईमेल विकिमीडियाच्या व्हीआरटी चमूला (अशा ईमेल पाहणारे स्वयंसेवक) पाठवता येते. पण एवढं करूनही 'संस्कृतीचा नंदादीप अखंड तेवत ठेवला' ही भाषा जी११ मध्ये जाईलच. म्हणून नव्यानं लिहिणं कमी कष्टाचं.

झटपटचा साचा लागला तर लेख लिहिणाऱ्यानं तो स्वतः काढायचा नसतो. साच्यातलंच बटण दाबून चर्चापानावर हरकत लिहायची.

दुसऱ्या वाटेत ७ दिवसांची सूचना लागते. ती कुणीही, अगदी लेखकही, काढू शकतो आणि एकदा काढली की त्या लेखाला पुन्हा लावत नाहीत. तिसरी वाट उघड चर्चेची. तीही निदान ७ दिवस चालते, एकमत दिसलं नाही तर मुदत वाढते. तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे पाहतात. एका दिवशी ४० नवी खाती 'ठेवा' लिहून गेली, तर वर 'हे मतदान नाही' असा फलक लागतो, ती मतं बाजूला पडतात आणि जुन्या संपादकांचा लेखावरचा विश्वासही उडतो. यादीवरून असं आवाहन कृपया करू नये.

मंडळाच्या नावाचं खातं तिथे बंद केलं जातं. खातं एकाच व्यक्तीचं हवं. सदस्यपानावर 'मी या मंडळाच्या समितीत आहे' असं जाहीर करा. पैसे घेऊन लिहीत असल्यास जाहीर करणं सक्तीचंच आहे. नव्या खात्याला ४ दिवस आणि १० संपादनं होईपर्यंत थेट लेख तयार करता येत नाही. तसाही मसुद्यात लिहून तपासणीला पाठवणंच योग्य. ६ महिने हात लागला नाही, तर मसुदाही वगळला जातो.

लेख वगळलाच, तर त्या शीर्षकाच्या नोंदीत प्रचालकाचं नाव आणि कलम दिसतं. आधी त्याच प्रचालकाला त्याच्या चर्चापानावर सभ्यपणे विचारायचं. प्रताधिकारभंग नसेल तर मजकूर मसुद्यात परत मिळू शकतो. तिथे जमलं नाही, तरच फेरविचाराची मागणी.

अनघा:

श्रीकांतदादांच्या मेलला छायाचित्रांची जोड. जुना फोटो स्कॅन केला म्हणून तो आपला होत नाही, हक्क सहसा काढणाऱ्याचा. कॉमन्सवर (विकिपीडियाची छायाचित्रं जिथे ठेवतात ते संकेतस्थळ) 'स्वतःचं काम' अशी खूण केली की तोही उडतो. छायाचित्रकार माहीत नसेल, तर टाकूच नका.

मराठी विकिपीडियाचे संपादक, प्रचालक वेगळे आहेत. तिथे 'पानकाढा' साचा लागतो. तिथे लेख टिकला म्हणून इंग्रजीत टिकेल असं नाही.

खरी अडचण संदर्भांची आहे. आपली स्मरणिका, संकेतस्थळ, फेसबुक पान धरत नाहीत. आपण ज्याचे सभासद आहोत त्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं 'वृत्त' हे वार्तापत्रही स्वतंत्र मानणं कठीण. बाहेरच्या वर्तमानपत्रानं मंडळावर सविस्तर लिहिलेलं हवं, गणेशोत्सवाची दोन ओळींची बातमी पुरत नाही. असे ३ भक्कम संदर्भ २० कच्च्यांना भारी. ते इंटरनेटवर नसले तरी चालतात.

यादीवरच्या सगळ्यांची मदत इथे हवी. घरात जुनी कात्रणं असतील, तर वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि मथळा लिहून माधुरीताईंना पाठवा.