मदत हवी आहे: |फाय|^(५/२) आंतरक्रियेत फाइनमन आकृत्या कशा काढायच्या?

धागाकर्ता:
नमस्कार. वास्तव, एकघटकी अदिश क्षेत्र फाय घेतलं आहे; म म्हणजे वस्तुमान, लॅम्डा म्हणजे आंतरक्रियेची ताकद. पोटेन्शियल ½म²फाय² + लॅम्डा|फाय|^घ, आणि घ = ५/२. घात ४ असता तर फाइनमन आकृत्यांत (मालिकेच्या पदांच्या चित्रांत) प्रत्येक व्हर्टेक्सला, म्हणजे रेषा मिळतात त्या बिंदूला, चार पाय (रेषा), विकच्या प्रमेयाने (सरासरी म्हणजे क्षेत्रांच्या सगळ्या जोड्यांची बेरीज) जोड्या लावल्या की झालं. इथे अडीच पायांचं काय करायचं? शून्याभोवती टेलर विस्तार केला तर तिसरं डेरिव्हेटिव्ह |फाय|^(−१/२) सारखं फुटतं. मिती मोजल्या तर चार मितींत लॅम्डाची मिती (वस्तुमानाच्या घातांत) ४ − ५/२ = ३/२ येते, म्हणजे सिद्धांत सुपर-रिनॉर्मलायझेबल (अनंत उत्तर देणाऱ्या आकृत्या मोजक्याच) दिसतो. यावर विश्वास ठेवावा का? लॅटिसवर (संगणकात बिंदूंच्या जाळीवर) पडताळता येईल अशी पद्धत हवी आहे.

प्रतिसाद १:
टेलर विस्तार सोडून द्या. क्षेत्र कधीच नेमकं शून्यावर बसलेलं नसतं, ते गाउसियन चढउतारांनी पसरलेलं असतं. म्हणून पोटेन्शियलची डेरिव्हेटिव्ह शून्यावर न काढता त्या पसाऱ्यावर सरासरी घ्या. प्रोपगेटर म्हणजे दोन बिंदूंवरच्या फाय च्या गुणाकाराची सरासरी; एकाच बिंदूवरच्या प्रोपगेटरला ग म्हणू, म्हणजे ग = ⟨फाय²⟩. मग

⟨|फाय|^घ⟩ = क ग^(घ/२), क = २^(घ/२) गॅमा((घ+१)/२)/√पाय

घ = ५/२ साठी क = १.२३३. गाउसियन सरासरी उष्णतेच्या समीकरणासारखी वागते: ग च्या सापेक्ष एक डेरिव्हेटिव्ह म्हणजे फाय च्या सापेक्ष दोन डेरिव्हेटिव्हची निम्मी सरासरी. त्यामुळे २न पायांचा व्हर्टेक्स थेट मिळतो:

लॅम्डा × २^न × क × (घ/२)(घ/२−१)…(घ/२−न+१) × ग^(घ/२−न)

घ = ४ ठेवून बघा, न = ३ ला गुणक शून्य होतो आणि मालिका तुटते. ५/२ ला ती कधीच तुटत नाही. दोन पायांचा व्हर्टेक्स २.५ क ग^(१/४), चार पायांचा १.२५ क ग^(−३/४), सहा पायांचा −१.८७५ क ग^(−७/४), सगळ्यांना लॅम्डाने गुणायचं. चारपासून पुढे चिन्ह आलटून पालटून येतं. पाय नेहमी पूर्णांक आणि सम असतात, अडीच पाय कुठेच लागत नाहीत. या व्हर्टेक्सवर स्वतःशी जोडलेलं वेटोळं मात्र पुन्हा काढू नका, ते ग मध्ये आधीच मोजलेलं आहे. नेमकी इथेच दुहेरी मोजणी होते.

दोन बिंदूंमधल्या सहसंबंधाला सगळ्या आकृत्यांची बेरीज बंद रूपात मिळते. र = प्रोपगेटर(क्ष,य)/ग धरलं तर ⟨|फाय(क्ष)|^घ |फाय(य)|^घ⟩ = क²ग^घ × हायपरजॉमेट्रिक २एफ१(−घ/२, −घ/२; १/२; र²). घ = ४ ठेवलं की ९ + ७२र² + २४र⁴ (ग = १ साठी) यायलाच हवं. कोड लिहिलात की पहिली चाचणी हीच घ्या.

प्रतिसाद २:
आता ३/२ मितीबद्दल. मितीगणनेवरून क्रांतिक मिती (जिथे लॅम्डाची मिती शून्य होते) २घ/(घ−२), म्हणजे ५/२ साठी १० येते. तो आकडा फसवा आहे. चार मितींत ग हा कटऑफच्या (हिशोबात घेतलेल्या कमाल संवेगाच्या) वर्गासारखा वाढतो, म्हणून वस्तुमानाची भर लॅम्डा × कटऑफ^(१/२) आणि चार पायांचा व्हर्टेक्स लॅम्डा × कटऑफ^(−३/२). लॅम्डा स्थिर ठेवला तर कटऑफ वाढवताना उरतं फक्त मुक्त क्षेत्र. लॅम्डा कटऑफ^(३/२) सारखा वाढवून चार पायांचा व्हर्टेक्स टिकवला तर सहा व पुढचे कटऑफच्या ऋण घातांनी मरतात, हाती नेहमीचा फाय⁴ येतो. मग अपूर्णांक घाताची ओळख टिकते कुठे? एका मितीत, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समध्ये. तिथे ग = १/(२म), सांत.

पडताळा तिथूनच करा. म = १ असताना पायाभूत ऊर्जा पहिल्या क्रमाला ०.५ + ०.५१८५ लॅम्डा. हार्मोनिक बेसिसमध्ये मॅट्रिक्स कर्णीकृत करून लॅम्डा = ०.०१ ला ती ०.५०५१८ च्या किंचित खाली यायला हवी, कारण दुसऱ्या क्रमाची भर ऋण असते.

धागाकर्ता:
फार उपयोगी. शून्य मितीच्या इंटिग्रलवर, ∫exp(−फाय²/२ − लॅम्डा|फाय|^(५/२)), लॅम्डा = ०.१ ठेवून पदं मोजली: १, −०.१२३३, ०.०३१९, −०.०१०५, ०.००३९. मालिका अभिसारी दिसते. खरंच आहे का?

प्रतिसाद १:
नाही. घात २ पेक्षा जास्त असला की ती आधी लहान होऊन पुढे फुटणारी, म्हणजे अ‍ॅसिम्प्टोटिकच. लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर मोठ्या न ला (इथे न म्हणजे पदाचा क्रमांक) साधारण लॅम्डा × घ^(घ/२) × न^(घ/२−१), इथे ०.३१४ × न^(१/४). ते १ व्हायला न शंभरच्या आसपास जावा लागतो, म्हणून भास होतो. लॅम्डा ०.२ केलात तर सहा-सात पदांतच मालिका उलटते. बोरेल बेरीज (फुटणाऱ्या मालिकेला किंमत देण्याची पद्धत) करताना पदांना नेहमीच्या फॅक्टोरियल न! ऐवजी गॅमा(१ + न/४) ने भागा.

१९८७ मध्ये बेंडर, मिल्टन, मोशे, पिन्स्की आणि सिमन्स यांनी मांडलेला डेल्टा विस्तारही बघा. त्यात (फाय²)^(१+डेल्टा) चा डेल्टामध्ये विस्तार होतो, पहिल्या क्रमाला फाय² लॉग फाय² येतं. तिथे पूर्णांकांवर मोजून मधल्या घातांकडे विश्लेषणात्मक विस्तार करतात. एका बिंदूला ते निर्धोक आहे, अनेक बिंदूंच्या आकृत्यांत वरच्या हायपरजॉमेट्रिक सूत्राशी ताडून घ्या.

प्रतिसाद ३:
लॅटिसबद्दल. तीन मितींच्या घनाकार जाळीवर वस्तुमानरहित ग = ०.२५२७ (जाळीच्या एककांत). त्यावरून वस्तुमान-वर्गाची भर २.१९ लॅम्डा, म्हणून क्रांतिक बिंदू म² ≈ −२.१९ लॅम्डा जवळ शोधा, हा पहिल्या क्रमाचा अंदाज आहे, लॅम्डा लहान ठेवा. घातांक न्यू (क्रांतिक बिंदूजवळ सहसंबंधाची लांबी कशी वाढते ते सांगणारा) ०.६३ म्हणजे आयझिंग वर्गाचाच (साध्या चुंबक-प्रतिमानाचा) निघायला हवा. वेगळा आला तर आधी लहान जाळीचे परिणाम तपासा.

पायथनमध्ये फाय**२.५ लिहू नका. ऋण संख्येला नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) एनएएन, म्हणजे 'संख्या नाही', देतं, साधं पायथन गुपचूप संमिश्र संख्या देतं. बल असं लिहा: −२.५ × लॅम्डा × |फाय|^०.५ × फाय. हायब्रिड मॉन्टे कार्लोला (गतीची समीकरणं वापरून यादृच्छिक नमुने घेण्याच्या पद्धतीला) दुसऱ्या क्रमाचा लीपफ्रॉग इंटिग्रेटरच ठेवा. चौथ्या क्रमाच्या इंटिग्रेटरला उच्च डेरिव्हेटिव्ह गुळगुळीत लागतात, ती फाय = ० ला फुटतात, आणि पाऊल निम्मं केल्यावर चूक १६ पट कमी होईलच याची खात्री राहत नाही. पाऊल बदलून ऊर्जेतला फरक किती पट घटतो हे एकदा छापून बघाच.