वर्षभर कामावर जाण्यासाठी हायब्रिड सायकल: निवड पावसाळ्यासाठी करावी की उरलेल्या आठ महिन्यांसाठी?

धागाकर्ता

कोथरूडहून हिंजवडीला मी गेली पाच वर्षे सायकलने कामावर जातो. पौड रस्त्याने चांदणी चौकाचा चढ, तिथून बावधन, पाषाण, बाणेर आणि वाकड असा एका वेळचा साधारण 16 किलोमीटरचा रस्ता आहे, आणि तो बाराही महिने चुकत नाही. माझे मत असे की, जी सायकल वर्षभर रोज वापरायची आहे तिची निवड जुलै महिना डोळ्यांसमोर ठेवूनच करावी.

माझी पहिली हायब्रिड, म्हणजे रस्त्याची सायकल आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, मी फेब्रुवारीत, कोरड्या रस्त्यावर दोन चकरा मारून घेतली होती. पुढे सस्पेन्शनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा दुहेरी दांडा), व्ही-ब्रेक (रिमवर दोन्हीकडून रबर दाबणारे) आणि 35 मिलिमीटरचे टायर होते; मडगार्ड नव्हते, कारण त्यांच्याविना ती अधिक देखणी वाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेडल मारताना खालून करकर ऐकू येऊ लागली म्हणून मी ती दुकानात नेली. मेकॅनिकने सीटचा दांडा उपसून सायकल उलटी धरली, तर नळीतून अर्धा पेला तांबूस पाणी फरशीवर सांडले. मागचे चाक दोन महिने जे पाणी उडवत होते ते सीटच्या सांध्यातून नळीत उतरले होते आणि तळाच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पेडलचा दांडा जिथे फिरतो त्या भागात, साचून त्याच्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन गेले होते. व्ही-ब्रेकच्या रबरांत वाळूचे कण रुतून रिमवर बोटाला जाणवेल अशी खाच पडली होती, आणि फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे ठिपके आले होते.

त्यामुळे आता कोणी विचारले तर मी चार गोष्टी पाहायला सांगतो. फोर्क साधा, सस्पेन्शनविना असावा. ब्रेक डिस्कचे, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या चकतीला पकडणारे, पण केबलवर चालणारे असावेत. फ्रेमला आणि फोर्कला मडगार्ड-कॅरिअरसाठी आट्यांची भोके असावीत, आणि मडगार्ड बसवल्यावरही 38 मिलिमीटरचा टायर मोकळा फिरेल एवढी जागा असावी. गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता आहे हे पाहावे. पुढे 28 आणि मागे 32 दाते असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दोन मीटरहूनही थोडी कमी सरकते, आणि पाठीवर लॅपटॉप घेऊन चांदणी चौक चढताना तेवढे पुरते. रंग, वजन आणि गिअरची संख्या यांकडे मी सर्वांत शेवटी पाहतो.

डोंगरवाट

आपला अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पुण्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मुंबईत दोन हजारांहून अधिक. आपल्याकडच्या पावसाळ्यातही कित्येक दिवस नुसती भुरभुर असते. एवढ्यासाठी उरलेल्या आठ महिन्यांची सायकल का बदलावी?

पुण्याच्या सायकलस्वाराला बाराही महिने छळणाऱ्या गोष्टी खड्डे, वर आलेली ड्रेनेजची झाकणे, हलणारे पेव्हिंग ब्लॉक आणि पट्टा न रंगवलेले गतिरोधक या आहेत. कात्रजहून शिवाजीनगरपर्यंत मी साध्या फोर्कची हायब्रिड दोन वर्षे चालवली. त्यात माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊ लागले, आणि तळव्याच्या कडेची नस हॅन्डलवर सतत दाबली जात असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. त्यानंतर मी 63 मिलिमीटर खेळ असलेला सस्पेन्शन फोर्क घेतला आणि तो त्रास थांबला. फोर्कच्या नळ्या आठवड्यातून एकदा पुसून त्यांवर तेलाचे बोट फिरवले की गंज चढत नाही. आपण आपल्या फोर्कची अशी काळजी घेत होता का, हे मला विचारावेसे वाटते.

व्ही-ब्रेकविषयीही तेच. त्याची रबरे गल्लीतल्या दुकानात मिळतात आणि कोणालाही दहा मिनिटांत बदलता येतात. रिम मात्र पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसायलाच हवी.

धागाकर्ता

नाही, मी फोर्क पुसत नव्हतो. संध्याकाळी सात वाजता भिजून घरी आलेला माणूस आधी स्वतःला पुसतो, आणि रोजच्या सायकलीची निवड करताना हे गृहीत धरायला हवे असे मला मनापासून वाटते.

बोटांच्या बधिरपणाबद्दल वाचून वाईट वाटले. आपल्यासारखा त्रास असेल तर सस्पेन्शन घ्यावे, हे मी मान्य करतो. परंतु त्याआधी एक उपाय करून पाहावा असे वाटते. आपले बहुतेक लोक टायर दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरतात. माझे वजन 72 किलो आहे, आणि 38 मिलिमीटरच्या टायरमध्ये मी पुढे 45, तर मागे 55 पीएसआय हवा ठेवतो. ती 75 असताना बाणेर रस्त्यावरचा प्रत्येक सांधा मनगटात जाणवत असे. स्वस्त हायब्रिडवरच्या स्प्रिंगच्या फोर्कमुळे साध्या फोर्कपेक्षा एक किलोहून अधिक वजन वाढते, आणि ते चढावर रोज ओढावे लागते.

सिंहगड रस्ता

मी सिंहगड रस्त्यावरून स्वारगेटपर्यंत, म्हणजे साधारण सात किलोमीटर, सायकलने नोकरीला जाते. आपल्या दोघांच्या वादात एक गोष्ट सुटली आहे. दुकानातली हायब्रिड बहुतेक वेळा मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड आणि दिवा यांच्याविना विकली जाते. हे सगळे बसवून घेतल्यावर किंमत किती होते ते आधी मोजावे. मी मोजले, आणि मग पुढची दांडी खाली असलेली, पूर्ण चेनकव्हरची साधी लेडीज सायकल घेतली. पंजाबी ड्रेसवर चेनचे काळे डाग पडत नाहीत, ओढणी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून मडगार्डला जाळी आहे, आणि पावसात चेन झाकलेली असल्यामुळे महिना-दीड महिना तेलही लागत नाही.

शिवाय पंक्चरचा प्रश्न आहे. हायब्रिडचे टायर 622 मिलिमीटर रिमवर बसतात आणि जुन्या काळ्या सायकलींचे 635 मिलिमीटरवर. दोन्ही चाके डोळ्यांना सारखी दिसली तरी एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे दुसऱ्या मापाचा माल असतो, पहिल्याचा क्वचितच. रात्री आठ वाजता पु. ल. देशपांडे उद्यानासमोर टायर फाटला, तर ज्याचा माल मिळेल तीच सायकल मला जवळची वाटते.

उत्रेख्तहून

मूळची मी नाशिकची. नोकरीमुळे सहा वर्षे नेदरलँड्समध्ये आहे. वरच्या प्रतिसादातले चेनकव्हर वाचून फार बरे वाटले, कारण इथे वर्षभर पावसात चालणाऱ्या सायकलींची घडण नेमकी तशीच असते. चेन झाकलेली, गिअर मागच्या हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) आत, आणि दिव्याची वीज पुढच्या हबमधल्या डायनॅमोतून. पण हा देश सपाट आहे. सिंहगड रस्त्यावर ते चालेल. चांदणी चौकात सात गिअरचा हब मला तरी अपुरा वाटेल, आणि तो बिघडला तर उघडणारा माणूस पुण्यात शोधावा लागेल.

डोंगरवाट

हवेचा प्रयोग मी कालपासून सुरू केला आहे, पुढे 45 ठेवून. फरक जाणवतो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. फोर्क मात्र तूर्त बदलत नाही. धागाकर्त्यांना एक प्रश्न: डिस्क हवी असेल तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी, का नको? तिच्यात गंजणारी केबलच नसते.

धागाकर्ता

हायड्रॉलिक ब्रेक अधिक चांगला लागतो यात वाद नाही, आणि आपल्या घराजवळ त्याचे तेल भरून हवा काढून देणारा मेकॅनिक असेल तर तो जरूर घ्यावा. माझ्या रस्त्यावर तसा कोणी नाही. केबल मात्र मी स्वतः दर जूनमध्ये बदलतो. पॅड पावसात लवकर झिजतात, म्हणून एक जोड घरात ठेवतो. चेनचे मापही तेव्हाच घेतो: पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत नवीन चेन 304.8 मिलिमीटर भरते, आणि पट्टीवर 306 च्या पुढे गेली की मी ती काढून टाकतो, नाहीतर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे) झिजते.

सिंहगड रस्त्याच्या ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटले. सात-आठ किलोमीटर आणि फारसा चढ नसेल, तर हायब्रिड घ्याच असे मी यापुढे कोणाला सांगणार नाही. 16 किलोमीटर आणि चांदणी चौक असेल, तर माझे मत कायम आहे. आणि ज्यांनी मडगार्ड बसवले आहेत त्यांना एक विनंती: पुढचे मडगार्ड बहुधा आखूड येते, त्याच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी दोन नट-बोल्टांनी लावून घ्यावी. बूट कोरडे राहतात आणि चेनवर येणारा चिखल निम्म्याने कमी होतो.